गरोदरपण, वाळवीची फवारणी आणि मुलांचं वागणं: क्लोरपायरीफॉसबद्दल बोलूया

तगर

पावसाळा सरला की सोसायट्यांमध्ये वाळवी-झुरळांच्या फवारणीची नोटीस लागते. तारीख असते, वेळ असते, 'घरी एक जण थांबावे' असंही असतं. औषधाचं नाव मात्र नसतं. आणि घरी थांबणारी बऱ्याचदा सून असते, नाहीतर बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. हा धागा त्या नावासाठी काढते आहे. वाळवीसाठी आपल्याकडे अजूनही सर्रास वापरलं जाणारं एक औषध म्हणजे क्लोरपायरीफॉस. गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांच्यावर या औषधाचा काय परिणाम होतो, याचा वर्षानुवर्षं अभ्यास झालेला आहे. मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. हे सगळं आपल्या घरांपर्यंत पोचत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अभ्यास न्यूयॉर्कचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्तर मॅनहॅटन आणि साउथ ब्राँक्समधल्या गरोदर बायका अभ्यासात घेतल्या. कृष्णवर्णीय आणि डॉमिनिकन कुटुंबं, बेताची मिळकत, जुन्या इमारती, झुरळांचा सुळसुळाट आणि त्यावर औषधांचा मारा. शेवटच्या तिमाहीत प्रत्येकीला दोन दिवस पाठीवर एक पिशवी वागवायला दिली. पिशवीत छोटा पंप होता. ती ज्या हवेत श्वास घेत होती ती हवा हा पंप ओढून गाळणीतून सोडायचा. रात्री पिशवी पलंगाशेजारी ठेवायची. जवळजवळ प्रत्येकीच्या गाळणीत क्लोरपायरीफॉस सापडलं. बाळंतपणाच्या वेळी आईचं आणि नाळेतलं रक्त तपासलं, तर एकीकडे जास्त तिथे दुसरीकडेही जास्त. गर्भाशयातली वार या औषधाला अडवत नाही.

मग मुलांकडे लक्ष ठेवलं. पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाला ठळक फरक दिसला नाही. तिसऱ्याला दिसला. व्हर्जिनिया राउ यांच्या गटाने २००६ साली २५४ मुलांचे निष्कर्ष छापले. नाळेच्या रक्तात औषधाचं प्रमाण जास्त असलेल्या मुलांमध्ये लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त आहे अशी लक्षणं इतरांपेक्षा बरीच अधिक होती. शारीरिक हालचालींच्या विकासात मागे पडण्याची शक्यता जवळजवळ पाचपट निघाली. सातव्या वर्षी बुद्ध्यांकात फरक दिसला, आणि ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करण्याच्या क्षमतेतही. २०१२ साली त्यांनी यातल्या ४० मुलांचे एमआरआय तपासले, तेव्हा मेंदूच्या काही भागांच्या रचनेतही फरक आढळले.

या अभ्यासाच्या मधोमधच एक सरकारी निर्णय झाला. जून २००० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) उत्पादकांशी करार करून घरातला वापर बंद करायचं ठरवलं. २००१ नंतर जन्मलेल्या बाळांच्या नाळेत औषधाचं प्रमाण झपाट्याने घटलं. त्याआधीच्या बाळांमध्ये औषध जास्त तर वजन कमी, असा संबंध दिसत होता. नंतरच्या बाळांमध्ये तो दिसेनासा झाला. त्या आयांनी स्वतः काहीही वेगळं केलं नव्हतं, दुकानात मिळणारी वस्तू बदलली होती.

आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात क्लोरपायरीफॉस होतं. अंतिम आदेशात त्यातली मोजकीच बंद झाली, हे राहिलं. युरोपने २०२० साली बंद केलं. २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ विषारी रसायनं जगभर बंद करण्याचा करार) यादीत त्याचं नाव गेलं, पण सवलतींसकट.

आपल्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, याचा पिवळा. तो रंग कशावरून ठरतो, तर एका वेळी किती पोटात गेलं की प्राणी मरतो यावरून. पोटातल्या बाळाबद्दल तो त्रिकोण काहीच सांगत नाही.

कुणाला अनुभव असतील, शंका असतील, तर इथे लिहा.

नीलमोहर

ताई, अगदी वेळेवर धागा आला. माझ्या वहिनीला पाचवा महिना आहे. येत्या रविवारी त्यांच्या घरात वाळवीचं काम आहे, दाराच्या चौकटी पोखरल्यात. घरमालक म्हणतात, खिडक्या उघड्या ठेवा, दोन तासांत वास गेला की झालं. दादा म्हणतो, दोन दिवस आमच्याकडे येऊन राहतील. दोन दिवस पुरतात का?

फवारा

नमस्कार. नाशिक भागात माझा पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय आहे, म्हणून आतली माहिती देतो.

वाळवीच्या कामात भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे फूट-फूट अंतरावर ड्रिलने भोकं पाडतात, त्यात औषधाचं पाणी सोडतात आणि वरून पांढऱ्या सिमेंटने बुजवतात. चौकटीत सिरिंजने भरतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट औषध) हा यातला जुना आणि स्वस्त माल. एक लिटरमध्ये एकोणीस लिटर पाणी घातलं की एक टक्क्याचं द्रावण. आता इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, बायफेन्थ्रिनसुद्धा वापरतात. गिऱ्हाईक विचारत नाही आणि पोरगा सांगत नाही. बरेचदा पोरालाही माहीत नसतं, कारण त्याच्या हातात बिनलेबलचा कॅन असतो.

वासाबद्दल: तो घासलेटसारखा उग्र वास बराचसा द्रावकाचा असतो. द्रावक उडून जातो, औषध मागे राहतं. किंबहुना वाळवीचं औषध टिकावं म्हणूनच मारतात. दोन तासांत जाणार असतं तर पाच वर्षांची गॅरंटी कोण लिहून देईल?

नीलमोहर ताई, माझं प्रामाणिक मत सांगतो. चौकट आणखी चार-पाच महिने पोखरली गेली तर सुतार बोलावता येतो. बाळंतपण होऊन बाळ थोडं मोठं होईपर्यंत काम पुढे ढकला. अगदीच अशक्य असेल तर फक्त चौकटीपुरतं काम करून घ्या, आणि औषधाचं लेबल मोबाइलवर मागवून डॉक्टरांना दाखवा. कंत्राटदाराकडे परवाना मागा. व्यावसायिक कीटकनियंत्रणाला परवाना लागतो, आणि मागितला म्हणून कुणी रागवत असेल तर त्याला काम देऊ नका.

तगर

फवारा दादा, मनापासून आभार. धंद्यातल्या माणसाने हे लिहिलं याचं मोल वेगळं आहे.

नीलमोहर, 'दोन दिवस' याला काही आधार नाही. रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली घरात क्लोरपायरीफॉस मारून मोजमापं घेतली होती. औषध खेळण्यांवर, विशेषतः कापडी-मऊ खेळण्यांवर, पुढचे दोन आठवडे साठत राहिलं. ती खेळणी फवारणीच्या वेळी खोलीत नव्हतीसुद्धा, नंतर आणून ठेवली होती. औषध आधी हवेत उडतं, मग गाद्या, पडदे, उशा अशा गोष्टींवर बसतं. घरात ऊन आणि पाऊस पोचत नाही, त्यामुळे शेतातल्यापेक्षा घरात ते जास्त रेंगाळतं. पुढे ढकलण्याचा सल्ला सगळ्यात बरा.

झुरळांचा प्रश्न सोपा आहे. न्यूयॉर्कमध्येच गरोदर बायकांच्या घरांत एक वेगळा प्रयोग झाला. फटी बुजवल्या, सिंकखालची गळती दुरुस्त केली, स्वयंपाकघर घासून घेतलं आणि फवारणीऐवजी फक्त जेलचे ठिपके लावले. झुरळं कमी झाली आणि त्या बायकांच्या रक्तात तपासलेली कीटकनाशकं आढळली नाहीत. काम कटकटीचं आहे खरं, पण होतं.

शंकेखोर

धागा चांगला आहे. तरीही एक बाजू मांडतो. हे सगळे सहसंबंध आहेत. ज्या घरात झुरळं जास्त, त्या घरात गरिबी जास्त, शिसं जास्त, धूर जास्त, ताण जास्त. मूल चंचल कशामुळे झालं, हे कसं ठरवणार? अमेरिकेतल्याच सिनसिनाटीतल्या माता-बालक अभ्यासात याच गटातल्या (ऑर्गॅनोफॉस्फेट) औषधांचा आणि मुलांच्या बुद्धीचा संबंध दिसला नव्हता. आणि कोलंबियाने मूळ आकडेवारी ईपीएला द्यायला नकार दिला होता, यावरूनही वाद झालेला आहे. घाबरवण्याआधी हेही लिहायला हवं.

तगर

शंकेखोर, मुद्दे खरे आहेत आणि त्यांची उत्तरंही द्यायला हवीत.

गरिबी, आईचं शिक्षण, आईचा बुद्ध्यांक, घरातलं वातावरण, तंबाखूचा धूर हे सगळं हिशेबात धरूनच ते आकडे काढलेले आहेत. तरीही मोजायचं काहीतरी राहून गेलं असेल, ही शक्यता कुठल्याच अशा अभ्यासात शून्य होत नाही. म्हणूनच मी एका अभ्यासावर थांबत नाही. एप्रिल २०११ मध्ये एकाच नियतकालिकात तीन स्वतंत्र गटांचे निष्कर्ष एकदम आले: कोलंबिया, न्यूयॉर्कमधलंच माउंट सिनाई रुग्णालय आणि कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ. दोन गट शहरातले, एक शेतमजुरांचा. तिन्हींमध्ये रोख एकाच दिशेचा. सिनसिनाटीत तो दिसला नाही, हे खरं. तिथल्या बायकांच्या शरीरातलं प्रमाण, काळ आणि स्रोत वेगळे होते, त्यामुळे एकाने दुसरं खोडलं असं मी मानत नाही.

मूळ आकडेवारी न देण्यामागे अभ्यासातल्या कुटुंबांची ओळख उघड होईल, असं कारण विद्यापीठाने दिलं होतं. पण आकडेवारीचा आग्रह धरायचा तर दोन्हीकडून धरू. उत्पादकाने परवान्यासाठी १९९८ मध्ये उंदरांवर एक चाचणी करून घेतली होती. गाभण माद्यांना औषध द्यायचं आणि पिलांचे मेंदू मोजायचे. २०१८ साली स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी त्या चाचणीचे मूळ आकडे मिळवून पुन्हा तपासले. अगदी कमी मात्रेतही पिलांच्या लहान मेंदूची उंची कमी भरत होती. अहवालाच्या निष्कर्षात ते आलेलं नव्हतं. युरोपने परवाना नाकारला तेव्हा ही फेरतपासणी समोर होती. उंदरांमध्ये गरिबी नसते आणि ताणलेला संसारही नसतो.

रेवा१२

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. एका जागी बसत नाही, गोष्ट ऐकता ऐकता उठून जातो. बालवाडीच्या ताई दर आठवड्याला बोलावतात. तो पोटात असताना सहाव्या महिन्यात आमच्या भाड्याच्या घरात वाळवीचं काम झालं होतं. मी घरातच होते, दुसऱ्या खोलीत. हा धागा वाचल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. आता त्याच्या रक्तात काही सापडेल का? त्यामुळेच तो असा आहे का?

बालरोगवाले

रेवाताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देतो.

रक्तात काही सापडणार नाही. क्लोरपायरीफॉस शरीरातून काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. चार वर्षांनी कुणी 'विष शोधायची' किंवा 'डिटॉक्स'ची महागडी तपासणी सुचवली तर पैसे घालवू नका.

त्यामुळेच तो असा आहे का, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. वर जे आकडे आले आहेत ते शेकडो मुलांचे गट एकमेकांशेजारी ठेवून काढलेले आहेत. जास्त प्रमाण असलेल्या गटातलीही बरीच मुलं व्यवस्थित होती, आणि कमी प्रमाणाच्या गटातही चंचल मुलं होती. एका मुलाच्या बाबतीत मागे जाऊन बोट ठेवता येत नाही. शिवाय चार वर्षांचा मुलगा गोष्ट अर्धवट टाकून उठतो, यात पुष्कळदा काहीच वावगं नसतं.

तरी ताई वारंवार बोलावत असतील तर या क्रमाने बघा. कान तपासा, कारण नीट ऐकू न येणारं मूल हमखास 'लक्ष देत नाही' असं वाटतं. किती आणि कसा झोपतो ते बघा. घोरत असेल तर टॉन्सिल-ॲडेनॉइड दाखवा. हिमोग्लोबिन आणि लोह तपासा, लोह कमी असलेली मुलं आपल्याकडे खूप आहेत आणि ती चिडचिडी, अस्थिर असतात. जुना रंग उडालेलं घर असेल किंवा जवळ बॅटऱ्या फोडण्याचं काम चालत असेल तर रक्तातलं शिसं तपासा. ते मोजता येतं आणि त्याचा मुलांच्या वागण्यावरचा परिणाम पक्का सिद्ध झालेला आहे. एवढं झाल्यावर विकासाचं मूल्यमापन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे हे मोफत होतं.

आणि कारण काहीही असलं तरी पुढचे उपाय तेच असतात. छोट्या छोट्या पायऱ्यांत सूचना देणं, ठरलेला दिनक्रम, पालकांसाठीचं प्रशिक्षण. त्याने खरोखर फरक पडतो, मी रोज बघतो. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसलात यात तुमचा काडीचाही दोष नाही. त्या दिवशी तुम्हाला औषधाचं नाव सांगायची जबाबदारी दुसऱ्यांची होती.

रेवा१२

डॉक्टर, खूप खूप आभार. कानांची तपासणी कुणीच सुचवली नव्हती. घोरतो तो, रोज.

धुऱ्यावरून

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो आहे. घरची कपाशी आहे, बायको महिलांच्या बचत गटात आहे.

सोसायटीतल्या ताईला तारीख पुढे ढकलता येते. आमच्याकडे पोटुशी बाई निंदणाला जाते, कारण मजुरी हवी असते. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणी चालू असते. गडी पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालतो, आणि ड्रममध्ये पाणी आणून टाकते ती बाई. विहीर लांब असली की तिच्या दिवसभर खेपा. काठीने ढवळायचं कामही बरेचदा तिचंच. संध्याकाळी गड्याचे ओले कपडे घरी येतात आणि घरच्या कपड्यांसोबत त्याच टोपल्यात भिजतात. धुते पुन्हा तीच. शिवाय कपाशी खांद्याला लागली असली की शेजारच्या वावरातला फवारा वाऱ्याने इकडे येतो, तेव्हा ती वाकून निंदत असते.

२०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा सगळे आले, कॅमेरे आले, किट वाटले. पण जे लगेच मरत नाही, तीन वर्षांनी अंगणवाडीत दिसतं, त्याची नोंद कुठे होणार? अंगणवाडीताई वजन मोजते, उंची मोजते. आईने फवारणीचं पाणी भरलं होतं का, असा रकाना तिच्या रजिस्टरमध्ये नाही.

शेतमजूर बायांचा अभ्यास तिकडे झाला म्हणता, तर त्यातून त्यांना काय मिळालं, हे कुणी सांगेल का?

सॅन_होजेकर

दादा, मी सांगते. तो अभ्यास कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यातला, माझ्या घरापासून तासाभरावर. हायवेच्या दोन्ही बाजूंना लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीचे वाफे, आणि त्यात वाकलेले मजूर, बहुतेक मेक्सिकोहून आलेले. बर्कलीच्या ब्रेंडा एस्केनाझी यांनी १९९९-२००० मध्ये तिथल्या सहाशे गरोदर बायकांपासून सुरुवात केली. त्यांची मुलं आता मोठी झाली आहेत आणि अजून अभ्यासात आहेत.

मुलं साडेतीन वर्षांची असताना लक्ष लागण्यात फरक पुसट होता, पाचव्या वर्षी तो स्पष्ट झाला, मुलग्यांमध्ये जास्त. सातव्या वर्षी, आईच्या लघवीत या गटातल्या औषधांचे अंश सगळ्यात जास्त असलेल्या आणि सगळ्यात कमी असलेल्या मुलांच्या बुद्ध्यांकात सात गुणांचा फरक निघाला. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. ही औषधं निकामी करणारं एक विकर (एन्झाइम) रक्तात असतं. नवजात बाळात ते आईच्या तुलनेत फारच कमी असतं आणि मोठ्यांइतकं व्हायला कित्येक वर्षं लागतात.

बायांना काय मिळालं? संशोधक गावातल्या दवाखान्यासोबत काम करत होते आणि निकाल आधी तिथल्या लोकांसमोर ठेवत. स्ट्रॉबेरीच्या वावरात त्यांनी एक साधा प्रयोग केला: हातमोजे, जेवणाआधी हात धुवायला कोमट पाणी आणि साबण, आणि वरून घालायचे कपडे वावरातच ठेवायची सोय. मजुरांच्या हातांवर आणि घरी जाणाऱ्या कपड्यांवर औषध कमी सापडलं. आणि २०२० च्या अखेरीस कॅलिफोर्नियाने क्लोरपायरीफॉसचा शेतीतला वापर जवळजवळ पूर्ण थांबवला. वीस वर्षं लागली, पण त्या बायांच्या लघवीच्या बाटल्या त्या निर्णयात होत्या.

उसाचा_फड

आम्ही कोल्हापूरकडचे. इथे उसाला हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली की क्लोरपायरीफॉसचीच आळवणी करतात, मुळाशी. एका हुमणीने बेट वाळतं, त्यामुळे 'बंद करा' म्हणणं सोपं नाही. पण पर्याय आहे आणि तो जुनाच आहे. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून पाडायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सगळ्या शिवाराने एकाच वेळी केलं तरच उपयोग. सोबत हुमणी मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतातून द्यायची. आमच्या भावकीने दोन हंगाम हे केलं आणि आळवणी निम्म्यावर आली. गावातल्या गरोदर बायांसाठी म्हणून नव्हे, खर्चासाठी केलं होतं. आता या कारणानेही करू.

मोगरा_ठाणे

एक छोटा प्रश्न. डासांच्या कॉइलचं काय? मुलीला सातवा महिना आहे.

बालरोगवाले

कॉइल बंद करा. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं मोजमाप आहे. पण डासांपासून बचाव सोडू नका. गरोदरपणात डेंग्यू आणि मलेरिया हा आई-बाळाला मोठा धोका आहे. खिडक्यांना जाळ्या, दुपारीसुद्धा मच्छरदाणी, कुंड्यांच्या बशा कोरड्या.

धुऱ्यावरून

सॅन होजेच्या ताई, उत्तर वाचून घरी बायकोलाही वाचून दाखवलं. हात धुवायला पाणी आणि साबण वावरात ठेवणं आम्हाला उद्यापासून जमण्यासारखं आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. ती शुक्रवारी गटाच्या बैठकीत दोन गोष्टी मांडणार आहे. पोटुशी बाईला फवारणीच्या दिवसांत पाण्याच्या खेपा द्यायच्या नाहीत, तिला तेवढ्याच मजुरीत दुसरं काम. आणि फवारणीचे कपडे ज्याने घातले त्याने विहिरीपासून लांब, वेगळ्या बादलीत स्वतः धुवायचे. दुसऱ्या गोष्टीवर गडी कुरकुरतील, ते मी बघतो. फवारा दादा, वेगळ्या बादलीत साबण पुरतो की सोडा लागतो, तेवढं सांगा.

फवारा

साध्या साबणाचा चुरा आणि गरम पाणी पुरतं, दादा. दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ते पाणी गोठ्याकडे किंवा नाल्याकडे जाऊ देऊ नका. आणि ती बादली पुन्हा घरात आणू नका.